सही कोणाची, अधिकार कोणाचा, आणि कोर्टात जायचं कधी



गेले चार महिने मी मुलीकडे जपानला, नागोया शहरात राहतो आहे. सकाळी चालायला जातो त्या वाटेवर एक रिकामा प्लॉट आहे. एके दिवशी तिथे पांढरा बोर्ड दिसला. मुलीने वाचून दाखवला. इथे काय बांधणार, किती मजले, उंची किती मीटर, बांधणारा कोण, काम सुरू कधी आणि संपणार कधी, सगळं त्यावर होतं. नागोया शहराचा तसा नियमच आहे. ठराविक उंचीच्या वरची इमारत बांधायची तर आधी बोर्ड लावायचा आणि शेजाऱ्यांना योजना समजावून सांगायची. मला कौतुक वाटलं. आपल्याकडे पत्रे ठोकले की समजायचं, काहीतरी उभं राहणार.

त्याच आठवड्यात ठाण्याहून एका जुन्या मित्राचा फोन आला. त्याची बिल्डिंग जुनी, आपल्या लोकांची आता चारच घरं तिथे उरलेली. शेजारच्या प्लॉटवर टॉवर येतोय. गल्ली इतकी अरुंद की समोरून रिक्षा आली तर मागे जावं लागतं. आग लागली तर बंब आत कसा येणार, ही त्याची खरी धास्ती. बायको गुडघ्यांनी अधू, तिला घेऊन चार जिने उतरायचे. त्याने माहितीच्या अधिकारात परवानगीची नक्कल काढली होती आणि ज्या अधिकाऱ्याने सही केली त्याला तो अधिकारच नव्हता, असं त्याचं म्हणणं होतं. इथवर ठीक. पण पुढे तो म्हणाला, "म्हणजे तो कागद मुळातच रद्दी. बांधू दे त्यांना. इमारत झाली की कोर्टात जातो, कोर्ट पाडायला लावेल."

हे ऐकून मला काळजी वाटली. मी वकील नव्हे. फोर्टमध्ये सॉलिसिटरच्या ऑफिसात उभा जन्म कारकुनी केली, फायली वाचल्या, कोर्टाच्या तारखा सांभाळल्या. तेवढ्या अनुभवावर सांगतो, की मित्राचं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि दुसरं फार धोक्याचं. आपल्यापैकी बरेच जण जुन्या इमारतींत राहतात. कोणाच्या घराचं रिडेव्हलपमेंट चाललंय, तर कोणाच्या शेजारी टॉवर येतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अधिकार म्हणजे काय ते बघू. त्यासाठी अंधेरीच्या एका सिनेमा थिएटरची गोष्ट सांगतो. जुन्या अंधेरीकरांना मौज वाटेल.

गोरधनदास भानजी नावाच्या गृहस्थांना अंधेरीला थिएटर बांधायचं होतं. तेव्हाच्या नियमांप्रमाणे परवानगी देण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार पोलीस कमिशनरचा. १९४५ साली कमिशनरने नकार दिला. मग पुढे १९४७ च्या जुलैमध्ये परवानगी दिली. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कमिशनरकडून पत्र आलं, त्याचा मतितार्थ असा, की सरकारने मला कळवायला सांगितलं आहे की तुमची परवानगी रद्द झाली. प्रकरण मुंबई हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९५१ च्या नोव्हेंबरात निकाल लागला. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी तो लिहिला.

कोर्टाने पत्र जसं लिहिलं होतं तसंच वाचलं. कमिशनरने नंतर प्रतिज्ञापत्रात आपल्या मनात काय होतं ते सांगायचा प्रयत्न केला, तो चालला नाही. पत्रात स्पष्ट दिसत होतं की निर्णय सरकारचा, कमिशनर फक्त पोचवणारा. कायद्याने अधिकार कमिशनरला दिला होता, सरकारला नाही. म्हणून तो रद्द करण्याचा हुकूम टिकला नाही. सरकार कमिशनरपेक्षा मोठं असेल, पण कायद्यात ज्याचं नाव त्यानेच, स्वतःच्या डोक्याने ठरवायचं. वरच्याने खालच्याला हुकूम सोडला, तरी खालच्याने त्या हुकमावर आपलं डोकं गहाण ठेवायचं नाही.

आता बारीक गोष्ट बघा. कोर्टाने थिएटर बांधा असं सांगितलं नाही. कमिशनरला सांगितलं, की रद्द करायचं की नाही हे तू स्वतः विचार करून ठरव. म्हणजे अधिकार नसलेल्याने दिलेला कागद फाडला गेला, तरी अधिकार असलेला माणूस उद्या तोच कागद पुन्हा देऊ शकतो. हे माझ्या मित्राला मी तीनदा सांगितलं. सहीच्या मुद्द्यावर जिंकणं म्हणजे कधी कधी आठ महिन्यांचं जिंकणं असतं. त्याच्या जोडीला गल्लीची रुंदी, आरक्षण, आगीचा धोका असे ठोस मुद्दे पाहिजेतच.

आणि दुसरी सावधगिरी. सही खालच्या अधिकाऱ्याची आहे म्हणून लगेच ती बेकायदा ठरत नाही. महापालिका आयुक्त आपले बरेच अधिकार लेखी हुकमाने खालच्यांना सोपवतात. कायदा तशी परवानगी देतो. तेव्हा पहिला अर्ज करायचा तो त्या सोपवण्याच्या हुकमाची नक्कल मागायला. हुकूम आहे का, त्या तारखेला चालू होता का, इतक्या मोठ्या इमारतीपर्यंत पोचतो का. शिवाय अधिकाऱ्याची नेमणूकच चुकीची होती, असं नंतर निघालं तरी त्याने मधल्या काळात केलेली कामं सहसा रद्द होत नाहीत. आंध्रातल्या काही न्यायाधीशांच्या नेमणुका रद्द झाल्या, तेव्हा त्यांनी दिलेले निकाल मात्र टिकतात, असं सुप्रीम कोर्टाने १९८१ साली सांगितलं. नाहीतर लोकांचे व्यवहारच कोसळतील. म्हणजे खुर्चीला अधिकार नव्हता हा मुद्दा चालतो, खुर्चीतल्या माणसाची बढती चुकली होती हा सहसा चालत नाही.

आता मित्राचं दुसरं वाक्य. कागद मुळात रद्दी असेल तर घाई कशाला?

याचं उत्तर मला नागोयातच मिळालं, तेही कोर्टात नव्हे, एका शाळेपाशी. इथे झुइर्यो नावाची सरकारी शाळा आहे. सुगिहारा चिउने इथे शिकले. आपल्यापैकी पुष्कळांना हे नाव ठाऊक असेल. १९४० च्या उन्हाळ्यात लिथुआनियातल्या कौनास गावी ते जपानचे वकिलातीतले अधिकारी होते आणि पोलंडहून पळून आलेले ज्यू लोक त्यांच्या दारात उभे होते. पुढच्या देशाचा व्हिसा आणि पुरेसे पैसे नसतील त्यांना व्हिसा देऊ नका, असं टोकिओने कळवलं होतं. सुगिहारांनी दोन हजारांहून अधिक व्हिसा हाताने लिहून दिले. शाळेच्या आवारात आता त्यांचं स्मारक आहे. मुलीने मला तिथे नेलं तेव्हा मी बराच वेळ उभा राहिलो.

तिथून परत येताना मला कारकुनी विचार सुचला, देव मला माफ करो. ते व्हिसा टोकिओच्या मर्जीविरुद्ध होते, तरी लोक रशिया ओलांडून त्सुरुगा बंदरात उतरले आणि कोबेला पोचले. का? कारण त्यावर शिक्का होता, सही होती, आणि ज्याला ते रद्द करता आले असते त्याने रद्द केले नाहीत. सरकारी कागदाचं असंच असतं. तो चुकीचा असला तरी कोणीतरी अधिकाराने रद्द करेपर्यंत तो चालतो. जपानी कायद्यात हे अगदी स्पष्ट मानलेलं आहे, आपल्या कोर्टांचाही व्यवहार तसाच आहे. सुगिहारांच्या बाबतीत त्याने माणसं वाचली. बिल्डरच्या बाबतीत त्याच तत्त्वाने स्लॅब पडतात.

म्हणून रद्द करून घ्यावा लागतो, आणि वेळेत. हे मला जपानचे निकाल मुलीकडून समजून घेताना फार ठळक दिसलं.

इथे इमारत बांधण्याआधी आराखडा नियमात बसतो का हे तपासून दाखला घ्यावा लागतो. तो शहराचा खास इमारत अधिकारी देतो, आणि १९९९ पासून सरकारने नेमलेल्या खाजगी तपासणी संस्थाही देऊ शकतात. मोठी जमीन सपाट करून बांधायची तर वेगळी परवानगी लागते, ती नागोयासारख्या मोठ्या शहरात महापौर देतो. शेजाऱ्याला दाखला चुकीचा वाटला तर इमारत तपासणी मंडळाकडे दाद मागता येते आणि कोर्टात दाखला रद्द करायचा दावाही लावता येतो. मुदत सहा महिने, दाखल्याची माहिती झाली त्या दिवसापासून. पूर्वी तीनच महिने होती, २००४ साली कायदा बदलला. माहिती झाली नाही असं म्हणत बसलात तरी एका वर्षानंतर दार बंद. फक्त चूक फारच मोठी आणि उघड असेल तर कागद शून्य आहे असा दावा मुदतीशिवाय लावता येतो. पण उघड म्हणजे कोणालाही दिसावी अशी. ते सिद्ध करणं सोपं नाही.

आणि दावा लावला म्हणून काम थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, नुकसान गंभीर आहे हे दाखवून.

आता मुख्य मुद्दा. १९८४ साली जपानच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की इमारत पुरी झाली की दाखला रद्द करण्यात काही अर्थ उरत नाही. दाखला होता तो बांधायला परवानगी म्हणून. बांधून झालं, दाखल्याचं काम संपलं. दावा तिथेच निकालात. म्हणजे माझा मित्र ठाण्याऐवजी नागोयात असता, तर "इमारत झाली की जातो" या एका वाक्याने त्याची केस संपली असती.

हे टाळलं कोणी, तर टोकिओच्या शिंजुकु वॉर्डातल्या रहिवाशांनी. शिमो-ओचियाई भागात झाडी होती, तिथे तानुकि नावाचे कोल्ह्यासारखे प्राणी यायचे, म्हणून लोक त्याला तानुकिचं रान म्हणत. तिथे फ्लॅटची इमारत आली. प्लॉट आत आणि रस्त्यापर्यंत लांबट बोळ. नियमाप्रमाणे एवढ्या इमारतीला बोळ आठ मीटर रुंद पाहिजे होता, तो होता निम्मा. वॉर्डच्या प्रमुखाने "तरी सुरक्षित आहे" असा दाखला दिला आणि त्या दाखल्याच्या जोरावर इमारतीचा दाखला निघाला. आमच्या ठाण्याच्या गल्लीचीच गोष्ट की नाही!

रहिवाशांनी पहिल्या दाखल्याला मुदतीत आव्हान दिलं नव्हतं, कारण त्याची बातमी शेजाऱ्यांना लागत नाही. तो वॉर्ड आणि मालक यांच्यातला कागद. २००९ च्या जानेवारीत टोकिओ हायकोर्टाने इमारतीचा दाखला रद्द केला, फेब्रुवारीत स्थगितीही दिली, आणि डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने रद्द करणं कायम केलं. पहिला कागद वाकडा असेल तर त्यावर उभा राहिलेला दुसरा कागदही वाकडा, आणि दुसऱ्याच्या दाव्यात पहिल्याची चूक दाखवता येते, असं ठरलं. पण लक्षात घ्या, स्थगिती नसती तर इमारत पुरी होऊन १९८४ च्या निकालाने दावाच मेला असता. बांधकाम तेव्हा संपत आलं होतं. थोडक्यात वाचले.

दुसरी केस नागोयापासून शंभरेक किलोमीटरवरच्या हामामात्सु शहराची आहे, आणि मला ती सगळ्यात आवडली. जपानमध्ये जमिनींची फेररचना करतात. आपल्या टाऊन प्लॅनिंग स्कीमसारखंच. सगळ्यांचे वेडेवाकडे प्लॉट एकत्र करायचे, रस्ते काढायचे, आणि प्रत्येकाला थोडा लहान पण सरळ प्लॉट परत द्यायचा. युद्धात बेचिराख झालेलं नागोया असंच उभं राहिलं. शंभर मीटर रुंदीचे रस्ते काढले. रस्त्यांत येणारी देवळांची दफनभूमीसुद्धा हलवली. अडीचशेहून अधिक देवळांची, पावणेदोन लाखांहून अधिक थडगी शहराच्या पूर्वेला हेइवा पार्कमध्ये नेली. मी तिथे फिरून आलो. टेकड्यांवर टेकड्या, नुसती थडगी. आपल्यात कबर हलवणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. मला रात्रभर नवगाव आणि आपल्या कोकणातल्या दफनभूमी आठवत राहिल्या.

असो. तर हामामात्सुमध्ये रेल्वे स्टेशनजवळ अशी फेररचना ठरली आणि काही मालकांनी योजनेलाच आव्हान दिलं. जुना निकाल १९६६ चा होता. तो म्हणायचा, योजना म्हणजे नुसती ब्लू प्रिंट, तिने कोणाचं काही बिघडत नाही, पुढे तुमचा प्रत्यक्ष प्लॉट हलवतील तेव्हा या. २००८ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाच्या पूर्ण पीठाने तो निकाल मोडला. बेचाळीस वर्षांनी. कारण दिलं ते अगदी व्यवहाराचं. योजना ठरली की पुढचं सगळं ओघानेच येतं. आणि प्लॉट हलवेपर्यंत थांबलं तर तोवर रस्ते झालेले, घरं बांधलेली. तेव्हा कोर्ट म्हणू शकतं, बेकायदा आहे खरं, पण आता उलटवलं तर जनतेचं फार नुकसान, म्हणून राहू दे. जपानी कायद्यात असा निकाल द्यायची सोयच आहे. बेकायदा म्हणून जाहीर करायचं आणि रद्द मात्र करायचं नाही. मग उरते ती नुकसानभरपाई. म्हणून दार आधीच उघडलं पाहिजे, असं कोर्टाने मानलं.

नागोयाचीही एक गोष्ट आहे. शिराकाबे भाग, नावाचा अर्थच पांढरी भिंत. जुने वाडे, व्यापाऱ्यांची घरं, शहराने जपलेली गल्ली. तिथे उंच फ्लॅटची इमारत येणार होती. २००३ च्या मार्चमध्ये नागोया जिल्हा कोर्टाने रहिवाशांच्या अर्जावर बिल्डरला वीस मीटरच्या वर बांधायला तात्पुरती मनाई केली. ही लढाई सरकारी कागदाविरुद्ध नव्हती, थेट बिल्डरविरुद्ध होती. आपल्या परिसराचं रूप जपण्यात रहिवाशांचं कायद्याने जपण्याजोगं हित आहे, हा मुद्दा. सरकारी कागद नियमात बसत असला तरी हा दुसरा रस्ता कधी कधी उघडा असतो. पण इथेही बघा, कोर्टात गेले ते इमारत उठण्याआधी.

आता आपल्याकडे या. अधिकार नसताना नियोजनाची परवानगी, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण पुण्याचं. पुणेकर बेने इस्राएल मंडळींना ती जागा ठाऊक असेल, प्रभात रोडचा भाग, फायनल प्लॉट ११०. प्राथमिक शाळेसाठी राखलेला. तिथलं आरक्षण हलवून दहा मजली इमारत बांधायला परवानगी मिळाली. मुख्यमंत्री तेव्हा मनोहर जोशी, आणि बांधणारे त्यांचे जावई. शाळेचं आरक्षण उठवायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये रीतसर रस्ता आहे. कलम ३७. जाहीर नोटीस काढायची, लोकांच्या हरकती घ्यायच्या, सुनावणी करायची, मग सरकारची मंजुरी. तो रस्ता सोडून विकास नियंत्रणाच्या एका नियमाखाली आरक्षण दुसरीकडे सरकवलं. महापालिकेचे आयुक्त आधी तयार नव्हते, सरकारकडून सूचना आल्यावर हललं. अंधेरीच्या थिएटरची गोष्ट पुन्हा, पन्नास वर्षांनी. फक्त तिथे सरकारने परवानगी काढून घ्यायला लावली होती, इथे द्यायला.

पुण्यातल्या नागरिकांनी मुंबई हायकोर्टात याचिका केल्या. १९९९ च्या जानेवारीच्या शेवटी जोशी पायउतार झाले, मार्चमध्ये हायकोर्टाने परवानगी बेकायदा ठरवली. मग सुप्रीम कोर्ट. तिथला निकाल २०११ च्या डिसेंबरात. हायकोर्टाचं मूळ म्हणणं टिकलं, आरक्षण असं हलवता येत नाही. पण मोजा. १९९९ ते २०११. जी मुलं पहिलीत त्या शाळेत गेली असती, ती तोवर कॉलेजात. इमारत मात्र उभीच होती. म्हणून मी म्हणतो, जिंकणं आणि वेळेवर जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्रात मार्ग कोणते? मुख्य मार्ग हायकोर्टातली रिट याचिका, घटनेच्या कलम २२६ खाली. त्यात तीन गोष्टी मागायच्या. परवानगी रद्द करा. महापालिकेला तिचं कर्तव्य करायला सांगा. आणि निकाल लागेपर्यंत काम थांबवा. तिसरी मागणी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक तीच शेवटच्या पानावर दोन ओळींत उरकतात. माझे जुने साहेब उलटं करायचे, आधी स्थगितीचा परिच्छेद लिहायचे, मग बाकीची याचिका. शेजाऱ्याला याचिका करता येते, त्याला धोका असतो म्हणून. हक्काचा प्रश्न सगळ्या वस्तीचा असेल तर जनहित याचिकाही.

मुदत? २२६ ला जपानसारखी सहा महिन्यांची रेघ नाही. इथेच लोक फसतात. रेघ नाही म्हणजे वेळ अमर्याद नाही. कोर्ट पहिला प्रश्न विचारतं, कळलं कधी आणि आलात कधी? मधे दहा मजले चढले, पन्नास लोकांनी कर्ज काढून फ्लॅट घेतले, तर कोर्टाचं मन त्यांच्याकडेही वळतं. आणि फ्लॅट घेणाऱ्यांचेही हाल कमी नाहीत. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडची आठवण असेलच. मंजुरीच्या वर चढवलेले मजले, १९८० च्या दशकातले. २०१३ साली सुप्रीम कोर्टाने ते बेकायदा धरले आणि रहिवाशांना सांगितलं, तुमचं नुकसान बिल्डरकडून मागा. पंचवीस-तीस वर्षं राहिलेली म्हातारी माणसं बिल्डर शोधत कुठे जाणार?

कोर्टाआधी महापालिकेकडे लेखी अर्ज करायचा असतो, आणि तिथेही वेळेचाच खेळ. त्याच १९६६ च्या कायद्याच्या कलम ५१ खाली नियोजन प्राधिकरण दिलेली परवानगी सुनावणी करून रद्द करू शकतं. पण काम बरंच पुढे गेलं किंवा पुरं झालं तर त्या कलमाखाली रद्द करता येत नाही. जपानच्या १९८४ च्या निकालाचीच ही चुलत बहीण. खोटी माहिती देऊन परवानगी मिळवली असेल, गल्ली नकाशात रुंद दाखवली असेल, तर महापालिका कायद्यात आयुक्तांना रद्द करायचा वेगळा अधिकार आहे. म्हणून नकाशाची नक्कल काढा आणि टेप घेऊन गल्ली मोजा. मी थट्टा करत नाही.

आमचे पुष्कळ वाचक अश्दोद, लोद, दिमोना, बेअरशेबाला आहेत. त्यांच्यासाठी दोन ओळी. इस्राएलमध्ये नियोजनाचा कायदा १९६५ चा, आणि स्थानिक समितीच्या निर्णयाविरुद्ध प्रशासकीय कोर्टात जायचं तर विलंब न लावता, फार तर ४५ दिवसांत. काही बाबतींत आधी अपील समितीकडे जावं लागतं. तिथली मुलं-नातवंडं हिब्रू वाचतात, त्यांना समितीची नोटीस आली त्या दिवशीच दाखवा, शब्बाथ झाल्यावर बघू म्हणू नका. म्हणजे शब्बाथ असेल तर शब्बाथ, पण मोत्झे शब्बाथला बघाच.

मित्राला हे सगळं फोनवर सांगायला दोन रात्री लागल्या. नागोया साडेतीन तास पुढे, त्यामुळे त्याचा जेवणाचा वेळ म्हणजे माझी मध्यरात्र. आधी चिडला. "तू तिकडे बसून मला घाबरवतोस." मग शांत झाला आणि विचारलं, की करू काय. मी म्हटलं, चार कागद. परवानगीची प्रमाणित नक्कल, अधिकार सोपवल्याच्या हुकमाची नक्कल, मंजूर नकाशा, आणि अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला. माहितीच्या अधिकारात उत्तराला तीस दिवस लागतात, म्हणून अर्ज उद्याच. महापालिकेला हरकतीचं पत्र परवा, पोच घेऊन. आणि उत्तराची वाट न बघता वकिलाकडे. कागद नंतर जोडता येतात, पडलेला स्लॅब नंतर काढता येत नाही.

आणखी एक सांगितलं, जे आमच्या ऑफिसात नेहमी करायचो. काम कुठवर आलंय याचा पुरावा रोज ठेवायचा. आता तो रोज सकाळी त्या दिवसाचं वर्तमानपत्र हातात धरून खिडकीत उभा राहतो आणि त्याची बायको मोबाईलवर मागच्या प्लॉटसकट फोटो काढते. मलाही पाठवतो. हायकोर्टात याचिका गेल्या सोमवारी दाखल झाली, स्थगितीच्या अर्जाची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. कालच्या फोटोत पाया भरून झाला होता, पहिला स्लॅब अजून पडला नव्हता.